मामीच्या वहीतले आकडे

आमच्या घरात संगीताचा विषय निघाला की पहिलं नाव मामाचं निघतं, आणि ते रास्तच आहे. पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्याने उमेदीची सगळी वर्षं की-बोर्ड वाजवला. पण मामाचा यामाहा डीएक्स७ सिंथेसायझर आज माझ्या खोलीत वाजतो आणि मामाने स्वतः घडवलेले आवाज त्यातून अजून निघतात, याचं श्रेय मामीचं आहे. मामी कधी स्टेजवर चढली नाही, पेटीच्या पट्टीला तिने कधी बोट लावलं नाही. तिच्या हातात असायचा तो सोल्डरिंग आयर्न. त्या हातांचं माझ्यावर असलेलं ऋण नीट मांडून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात पुण्यात ऑर्केस्ट्राचे दिवस जोरात होते. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कॉलेजांची गॅदरिंग, कंपन्यांचे स्नेहमेळावे, शिवाय बालगंधर्व रंगमंदिरात तिकीट लावून होणारे कार्यक्रम. मामा आधी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. हिंदी चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला तेव्हापासून मामाला त्या आवाजांनी झपाटलं होतं. रेडिओवर गाणं लागलं की मधल्या तुकड्याला तो सगळ्यांना गप्प करायचा. पण असं वाद्य विकत घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तेव्हा जबर आयातशुल्क होतं. अशी वाद्यं बहुधा आखातात नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून यायची आणि मग वादकांमध्ये हात बदलत फिरायची.

मामाचा डीएक्स७ असाच फिरत आला. मूळ मालकाला पैशांची नड होती आणि रोख हवी होती. मामाच्या सुपाऱ्यांवर तेवढी रक्कम उभी राहणं शक्यच नव्हतं. मामीने तिच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. पुढे कैक महिने हप्ता तिच्या पगारातून कापला जात होता. हे मला फार उशिरा कळलं, तेही आईकडून. मामीने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

हे वाद्य १९८३ साली बाजारात आलं. एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सोळा सूर वाजवण्याची ताकद, आणि गडद तपकिरी अंगावर मोरपंखी रंगाची चपटी बटणं. आत आवाज निर्माण होतो तो सगळा आकडेमोडीतून. त्यामागची कल्पना एका संगीतकाराची आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग संगणकावर आवाज तयार करण्याचे प्रयोग करत होते. १९६७ साली त्यांनी एका सुराला दिलेल्या कंपनाचा वेग वाढवत नेला. गवई सूर हलवतो तेवढ्या वेगात असताना कानाला कंप ऐकू येत होता. वेग सेकंदाला वीसेक आंदोलनांच्या पुढे गेला तसा कंप ऐकू येईनासा झाला आणि त्या जागी आवाजाची जातच बदलली. एका साध्या लहरीने दुसऱ्या साध्या लहरीला हलवलं की तिसराच भरदार आवाज जन्माला येतो, हे त्यांच्या कानाने पकडलं. त्यांनी त्यावरचा शोधनिबंध १९७३ साली छापला आणि १९७७ साली पेटंट मंजूर झालं. ऑर्गन बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. जपानच्या यामाहाला दिसलं. त्यांच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून ते गणित चिपमध्ये बसवलं.

डीएक्स७मध्ये अशा सहा लहरी असतात. कुणी कुणाला हलवायचं याच्या बत्तीस मांडण्या आहेत. दोन लहरींचं गुणोत्तर पूर्णांकात असेल, एकास एक किंवा एकास दोन, तर सुरेल, वाद्याचा वाटणारा आवाज येतो. तेच एकास १.४ ठेवलं की घंटा वाजते. बासरी, पितळी वाद्यं, इलेक्ट्रिक पियानो हे सगळं त्या गुणोत्तरांत आणि प्रत्येक लहर किती वेगाने चढते-उतरते त्यात दडलेलं आहे. बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवायचे, कारण एवढ्याशा दोन ओळींच्या पडद्यावर एकेक आकडा बदलत नवा आवाज घडवणं फार जिकिरीचं काम. मामा ते काम रात्र-रात्र करायचा. त्याने जलतरंग केला, संतूर केलं, लावणीसाठी घुंगरांचा आवाज केला. एक सनई तर अशी केली होती की मंगलाष्टकांनंतर ती वाजली की मांडवातली म्हातारी माणसं मागे वळून सनईवाला शोधायची. आवाजाच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, तीही रोमन. त्यात तो नावं बसवायचा. त्या वाद्याच्या पडद्यामागे दिवा नाही. स्टेजवर अंधार झाला की नाव दिसत नसे, म्हणून मामा बारकी बॅटरी दातात धरून आवाज बदलायचा.

मामी भोसरीच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होती. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडणाऱ्या अशा कितीतरी लाइनींवर बायकाच बसायच्या. सर्किटचा बोर्ड, म्हणजे पीसीबी, समोर यायची, वाट्याला आलेले जोड करायचे, पुढे सरकवायची. सकाळच्या पाळीला ती पहाटे डबा भरून निघायची आणि दुपारी आली की वेणी सोडून आधी हात धुवायची. कथलाच्या तारेत शिसं असतं, हात धुतल्याशिवाय खायला हात लावायचा नाही, हा तिचा दंडक होता. पुढे मी आयर्न हातात घेतला तेव्हा तोच दंडक माझ्यावरही बसला.

ती किती जाणकार आहे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कारण तिचं शिक्षण दहावी आणि कामाचं नाव 'ऑपरेटर'. कारखान्यात मात्र नव्या मुलींना हात बसवायला तिच्याच शेजारी बसवत. एखाद्या बोर्डातला कच्चा जोड ती नुसत्या नजरेने काढायची. उजेडात बोर्ड तिरका धरायची आणि म्हणायची, "हा बसलेला नाही, नुसता टेकलाय." पक्का जोड तारेच्या अंगावर चढतो, कडेला पातळ होत बोर्डात मिसळतो आणि चकाकतो. कच्चा जोड आळवाच्या पानावरल्या थेंबासारखा वरच्यावर गोल राहतो. हा फरक तिने मला दाखवला तेव्हापासून मी कुठलंही यंत्र उघडलं की आधी तेच बघते.

मी कॉलेजात असताना मामाच्या डीएक्स७ची बॅटरी उतरायला लागली. या वाद्यात बत्तीस आवाज साठवणारी मेमरी आहे. वीज बंद असताना तिला जागं ठेवायला आत एक नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो, सीआर२०३२. त्याचं माप नावातच आहे: वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा हा सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण कधीतरी संपतोच, आणि डीएक्स७मध्ये तो थेट मुख्य बोर्डावर डाखलेला असतो. वाद्याच्या एका बटणावर बॅटरीचा दाब पडद्यावर दिसतो. तो आकडा मामा कधी पाहतच नसे. तो पाहिला मामीने. मामाने तिला सहज विचारलं होतं की हे यंत्र वीज नसताना आवाज लक्षात कसे ठेवतं. तिने मनात खूणगाठ बांधली असणार, की लक्षात ठेवायला आत कुठेतरी सेल हवा. मग तिने मामाकडून ते बटण दाबवून घेतलं. आकडा अडीचच्याही खाली गेला होता.

मामा म्हणाला, "वाजतंय ना? मग बदलू सावकाश."

मामी म्हणाली, "वाजेल हो. पण तुमचा जलतरंग जाईल त्याचं काय?"

सेल काढल्याबरोबर मेमरी कोरी होणार. कंपनीचे मूळ आवाज पुन्हा मिळवता आले असते, मामाचे मात्र दुसरीकडे कुठेच नव्हते. आवाज साठवण्याचं रॅम कार्ट्रिज पुण्यात मिळेना. वाद्य संगणकाला जोडणाऱ्या मिडीच्या तारेने आवाज संगणकात उतरवता येतात हे मामाला माहीत होतं, पण तेव्हा संगणक कुणाच्या घरी होता? मामीने दोनशेपानी वही काढली.

मी आकडे वाचायचे आणि तिने लिहायचे, अशी वाटणी झाली. एका आवाजाचे नाव सोडून १४५ आकडे असतात: सहा लहरींचे प्रत्येकी २१ आणि सगळ्यांचे मिळून १९. मामीने प्रत्येक आवाजाला एक पान दिलं. सहा लहरींच्या सहा ओळी आणि खाली सातवी ओळ. पडद्यावर जिथे आकड्याऐवजी अक्षरं दिसत, त्यांना तिने पहिल्या पानावर क्रमांक ठरवून दिले, म्हणजे वहीत सगळीकडे आकडेच राहतील. तिच्या वळणदार देवनागरी आकड्यांत एकाला एक लागून स्तंभ उतरत गेले. दिवसपाळी करून आलेली बाई, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही, आणि मी खिडकीच्या उजेडाकडे तो पडदा तिरका धरून वाचते आहे: नव्व्याण्णव, बहात्तर, शून्य, शून्य, पस्तीस. कित्येक संध्याकाळी असं चाललं. आवाज एकही न ऐकता आम्ही दोघींनी मामाचं सगळं वादन त्या वहीत उतरवलं. मूग सिंथेसायझर वाजवणारे लोक खटक्यांच्या आणि चकत्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवत, कारण त्या वाद्याला मेमरीच नव्हती. मेमरी असलेल्या वाद्यासाठी आम्ही त्याच कागदापाशी आलो होतो.

एक गोष्ट मामीने न सांगता केली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिने त्या ओळीची बेरीज मांडली. मी विचारलं तर म्हणाली, "लाइनवर शिफ्ट सुटताना बेरीज जुळल्याशिवाय कुणी उठत नाही. लिहिताना चूक झाली तर नंतर शोधणार कशी?" मी तेव्हा मान डोलावली. त्या उत्तराचं मोल मला फार पुढे कळायचं होतं.

मग सेलची वेळ आली. इलेक्ट्रॉनिक सामान मिळणाऱ्या तपकीर गल्लीतून मामा सेल, त्याचं प्लॅस्टिकचं घर आणि डाख ओढून घेणारा पंप घेऊन आला. मामीने वाद्य गादीवर पालथं ठेवलं, वीज काढली, स्क्रू काढून क्रमाने कागदावर मांडले आणि कुठला कुठून निघाला ते त्याच कागदावर लिहिलं. वरचा पत्रा उचलून मागे कलवला तेव्हा मी पहिल्यांदा त्या वाद्याचं पोट पाहिलं. हिरवा बोर्ड, काळ्या चिपांच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात तो सेल.

"आधी हे शिक," असं म्हणून तिने जुन्या रेडिओचा निकामी बोर्ड माझ्यापुढे टाकला. साठ-चाळीसची तार, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. ती १८३ अंशांना मऊ पडायला लागते आणि १९०च्या आसपास पूर्ण वितळते. एवढ्याशा फरकात सगळं कसब असतं. तिचे शब्द माझ्या कानात अजून आहेत. "टीप ओल्या स्पंजवर पूस. तार टिपेला लावू नकोस, आधी जोड तापव. तापलेल्या जोडाला तार दाखव, तो स्वतःच ओढून घेतो. आता आयर्न उचल. हलवू नकोस. गोठू दे." गोठताना बोट हललं की जोड राखाडी आणि खरखरीत होतो, मग तो पुन्हा करायचा. पिना दोन सेकंदांहून जास्त तापवायच्या नाहीत. बोर्डाला हात लावण्याआधी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवायची. कारखान्यात मनगटाला पट्टा असतो, घरी नळ.

खऱ्या बोर्डावर पहिला जोड तिनेच उकलला. दुसरा माझ्याकडून करून घेतला. नवा सेल तिने थेट डाखला नाही. सेलच्या अंगाला आयर्न लावला तर तो फुटू शकतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने सेलचं घर बसवलं, धन-ऋण टोकं दोनदा तपासली आणि सेल त्यात सरकवला. "पुढच्या वेळी कुणालाही आयर्न लावायची पाळी यायला नको," ती म्हणाली. सेलच्या घराशेजारी तिने चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहिली. वाद्य सुरू केलं, बटण दाबलं आणि पडद्यावर तीनच्या वरचा आकडा आला. मग वही उघडून सगळे आवाज परत भरले. शेवटी मामाने जलतरंग वाजवला. त्याने काही न बोलता मामीकडे पाहिलं, आणि ती चहा टाकायला उठली.

दोन हजार सालानंतर ऑर्केस्ट्राचं स्वरूप पालटलं. ताल आणि साथ स्वतःच वाजवणारे नवे की-बोर्ड आले, आणि मामानेही एक घेतला. डीएक्स७ माळ्यावर गेला. मामा गेल्यानंतर घर आवरताना मामीने मला बोलावलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे. तुला उघडता येतो." तिच्या लेखी ही एवढीच पात्रता पुरेशी होती.

घरी आणून सुरू केला तेव्हा पडद्यावर नावांच्या जागी निरर्थक चिन्हं होती. मामीने बसवलेला सेल कधीच संपला होता आणि मेमरीत नुसता कचरा उरला होता. काही पट्ट्या वाजत नव्हत्या, काही हलकं दाबलं तरी ओरडत होत्या. या वाद्यात पट्टी वरून खाली जायला लागणारा काळ मोजला जातो. काळ जितका कमी तितका आवाज मोठा. संपर्कांवर मळ बसला की ते मोजमाप चुकतं. पट्ट्या उतरवल्या तर खाली गुलाबी भुकटी साचलेली होती. गणपतीतला गुलाल! किती मांडवांतला, किती मिरवणुकांशेजारचा, कोण जाणे. मऊ ब्रशने तो झाडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक संपर्क पुसला, सुकू दिला. वीजपुरवठ्यातले म्हातारे कंडेन्सर बदलले, पाच व्होल्टची ओळ मीटरवर तपासली. यामाहाने या वाद्याची सर्व्हिस मॅन्युअल काढली होती आणि तिच्यात सर्किटची आकृती रेषेरेषेनिशी दिली आहे. ज्यांनी ती आकृती काढली त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडेल, त्याला वाट सापडावी, असा विचार त्यांनी केला होता. मामीने चिकटपट्टीवर तारीख लिहिली तेव्हा तिचाही विचार तोच होता.

सेल बदलायला आयर्न लागला नाही. जुना सरकवून काढला, नवा सरकवला.

मग वही काढली. माळ्यावरच्या ओलीने तिच्या कडा फुगल्या होत्या. जलतरंगाच्या पानावर पाण्याचा ओघळ उतरला होता आणि तिसऱ्या व पाचव्या ओळीतला एकेक आकडा पार पुसला गेला होता. बाकी सगळं शाबूत होतं, ओळींच्या शेवटच्या बेरजाही. मी तिसऱ्या ओळीतले वाचता येणारे वीस आकडे मिळवले, बेरजेतून वजा केले, आणि गेलेला एकविसावा आकडा हाती आला. पाचव्या ओळीत तसंच. मामीने कित्येक वर्षांपूर्वी घातलेल्या त्या बेरजांनी मामाचा जलतरंग परत दिला. मी ते आकडे पडद्यावर भरले, पट्टी दाबली, आणि खोलीत तो आवाज उमटला. कडेला पाणी हलल्यासारखा कंप होता, तो मामाचाच.

आता डीएक्स७चे सगळे आवाज मी मिडीने संगणकात उतरवून ठेवते. त्यासाठी वाद्यात एक सेटिंग चालू करावं लागतं, की मग बत्तीस आवाजांची ४,१०४ बाइटची पुरचुंडी तारेतून सव्वा-दीड सेकंदात निघून जाते. त्या पुरचुंडीच्या शेवटी एक बाइट असतो. त्यात आधीच्या सगळ्या आकड्यांच्या बेरजेवरून काढलेली खूण असते. पलीकडचं यंत्र स्वतः तशीच बेरीज करून पाहतं, जुळली तरच घेतं. यामाहाच्या अभियंत्यांनी जे केलं तेच भोसरीच्या लाइनवरून आलेल्या बाईने दोनशेपानी वहीत, पेनाने केलं होतं. दोघांची शिस्त एकच आहे, आणि ती शिस्त मला पुस्तकातून मिळाली नाही, मामीच्या मांडीशेजारी बसून मिळाली. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? बेरीज नको का करायला?"

आज दर पावसाळ्याआधी मी वाद्य उघडते. बॅटरीचा आकडा पाहते, संपर्क पुसते, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. वर प्लॅस्टिक न टाकता सुती चादर टाकते, म्हणजे ओल कोंडत नाही. दर आठवड्याला थोडा वेळ ते चालू ठेवते. पुण्यात, पिंपरीत, सातारा-कोल्हापूरकडे अजून काही घरांत अशी वाद्यं माळ्यावर पडून आहेत. वादकांची मुलं कधीकधी ती घेऊन माझ्याकडे येतात. मी सुटे भाग आणते, उघडते, आणि त्यांना शेजारी बसवते. आधी बॅटरीचा आकडा, मग आवाज बाहेर उतरवणं, मगच स्क्रू. हा क्रम मोडू देत नाही. ज्याला शिकायचं असेल त्याच्यापुढे निकामी बोर्ड टाकते आणि मामीचेच शब्द म्हणते: जोड तापव, हलवू नकोस, गोठू दे.

ऋणाचा हिशेब मांडायला बसले की मला दिसतं ते असं. चाउनिंग यांच्या कानाने तो आवाज शोधला, जपानच्या अभियंत्यांनी तो चिपमध्ये बसवला, मामाने त्यातून आपली सनई आणि जलतरंग काढला. या सगळ्यांची नावं कुठे ना कुठे लिहिलेली आहेत, मामाचं जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर तरी आहे. मामीचं नाव कुठेच नाही. पतपेढीचं कर्ज फिटल्यावर त्याच्या कागदाचीही रद्दी झाली. तिने केलेले जोड पत्र्याखाली आहेत, आणि नीट केलेला जोड कुणाच्या नजरेत भरत नाही, तो फक्त चालत राहतो. तिच्याबरोबर लाइनवर बसणाऱ्या शेकडो बायकांनी असेच रेडिओ, टीव्ही, मीटर यांचे लाखो जोड केले, आणि महाराष्ट्रातली घरं त्यावर गाणी ऐकत राहिली.

म्हणून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांना आणि निवेदकांना माझं एक सांगणं आहे. कार्यक्रमाच्या शेवटी तुम्ही गायकांची, साथीदारांची, ध्वनिव्यवस्थेची, मांडववाल्याची नावं घेता. वाद्य चालू ठेवणाऱ्याचंही नाव घ्या. मामाच्या मित्रांनी त्याच्या स्मरणार्थ गेल्या वर्षी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा डीएक्स७ तिथे नेला होता. मी निवेदकाला चिठ्ठी दिली आणि त्याने साथसंगतीच्या यादीत 'की-बोर्डची देखभाल' असं म्हणून मामीचं पूर्ण नाव वाचलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मामी पुढच्या रांगेत होती. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, "पुढच्या वेळी त्यात तुझंही नाव घालायला सांग. सेल आता तू बदलतेस."